फारकत झाली, पण कर्जावरची सही?

परवा एक ताई आमच्याकडे आल्या. घटस्फोट होऊन दोन वर्षे झाली. रिक्षा नवऱ्याकडे, मुले ताईंकडे. आणि थकलेल्या हप्त्यांची नोटीस मात्र ताईंच्या नावावर! "रिक्षा त्यांची, कमाई त्यांची, मग हप्ते मी का भरू?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर कडू आहे.

कर्जाच्या कागदावर ताईंची सहकर्जदार म्हणून सही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ४३ सांगते की, दोघांनी मिळून वचन दिले आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर धनको कोणाही एकाकडे पूर्ण रक्कम मागू शकतो. कलम १२८ प्रमाणे जामीनदारही सुटत नाही. 'हप्ते नवरा भरील' असे हुकूमनाम्यात लिहिले, तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. तिच्यावर ते बंधन नाही. मात्र ताईंनी भरलेल्या पैशांसाठी नवऱ्यावर दावा लावता येतो. म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात.

भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच: फारकतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी कर्जाचा निकाल लावा. गाडी विकून कर्ज फेडा, नाहीतर बँकेकडून आपले नाव कमी केल्याचे लेखी घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात चौकशी करा. आणि आलेली नोटीस डब्याखाली दडवू नका. ती कोणाकडून तरी वाचून घ्या.