स्नो बाईक किती सीसीची?

उत्तरायणाच्या आगेमागे सुरतच्या पांडेसऱ्यातल्या माझ्या गॅरेजात काश्मीरचे व्हिडिओ यायला लागतात. कुणी प्रोसेस हाऊसमधला कलर मास्टर, कुणी एम्ब्रॉयडरीच्या खात्यावरचा पोरगा, कुणी शिरपूरकडून येऊन इथे लूम टाकलेला भाऊ. गाडी सर्व्हिसिंगला लावायची आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचा. "मामा, ही गुलमर्गची स्नो बाईक. किती सीसीची असेल?" त्यापाठोपाठ दुसरा व्हिडिओ, हा अमेरिकेचा नाहीतर कॅनडाचा. छातीएवढ्या भुसभुशीत बर्फातून मशीन उसळत चाललंय, एक स्की हवेत, आणि चालवणारा एका अंगाला लोंबकळतोय. "असली का नाही मिळत आपल्याकडे? गुलमर्गलाही एवढा बर्फ पडतोच ना?"

पडतो. तिथल्या कोरड्या, हलक्या बर्फासाठी परदेशातले स्कीवाले मुद्दाम विमानाने येतात. तरीही माझं मत असं की दुसऱ्या व्हिडिओतलं मशीन पर्यटकाच्या बुडाखाली देऊच नये, सोबत ड्रायव्हर बसवूनही नाही. आणि पहिल्या व्हिडिओतलं जे आहे, ते तरी अजून पेट्रोलवर कशाला? टू-स्ट्रोकवर पोट भरलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं पोरांना नवल वाटतं.

मी उधन्यात एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो तो काळ आरएक्स हंड्रेडचा. यामाहाची ती गाडी १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. पुढे २००० सालच्या धुराच्या नियमांनी आपल्याकडे टू-स्ट्रोकचा बाजारच उठला. आजही एखादा शौकीन जुनी आरएक्स घेऊन येतो, तेव्हा बाकीची कामं बाजूला पडतात. माझा भाचा आता कॅनडात, आल्बर्टा प्रांतात, स्नोमोबाईल आणि एटीव्ही दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात आहे. कार्बोरेटर उघडायला त्याला मीच शिकवलं. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा त्याची आई विचारते जेवलास का, आणि मी म्हणतो क्लचचं झाकण काढून दाखव. मी स्वतः गुलमर्गच्या दाबलेल्या वाटेवर बसलो आहे, खोल बर्फात मशीन चालवलेलं नाही. पण इंजिन कुठेही नेलं तरी इंजिनच असतं.

तर ऐका. खोल बर्फासाठी बनवलेलं आजचं डोंगरी मशीन साधारण ८५० सीसीचं, दोन सिलिंडरचं, आणि टू-स्ट्रोक असतं. ताकद १६५ हॉर्सपॉवरच्या घरात, कोरडं वजन दोनशे किलोच्या आसपास. आपल्या क्लासिक ३५० बुलेटचं वजनही जवळपास तेवढंच, आणि तिची ताकद वीस हॉर्सपॉवर. हा आकडा सांगितला की गॅरेजात शिट्ट्या वाजतात. पण तिकडच्या कंपन्यांनी टू-स्ट्रोक ठेवलं ते मुख्यतः वजनासाठी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, क्रँकच्या दर फेऱ्याला स्फोट. तेवढीच ताकद फोर-स्ट्रोकमधून काढायची तर इंजिन जड होतं, आणि ते जडपण नाकावर बसतं. यामाहाची बर्फातली फोर-स्ट्रोक मशिनं टिकायला पक्की म्हणून नावाजलेली होती, पण खोल बर्फाच्या डोंगरात टू-स्ट्रोकचीच चलती राहिली. २०२५ च्या मॉडेलनंतर यामाहाने स्नोमोबाईलचा धंदाच आवरला.

धुराचं काय, असं कुणी विचारेल. आपल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि ऑईल एकत्रच सिलिंडरमध्ये यायचं आणि जळायच्या आधी त्यातलं बरंच सायलेन्सरमधून निघून जायचं. आजच्या स्की-डू कंपनीच्या स्नोमोबाईलच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तेही पोर्ट बंद व्हायच्या बेताला, आणि ऑईल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हे आपल्या आरएक्सच्या नशिबी आलं असतं तर मी आज बमरोली रोडवर बंगला बांधला असता. असो.

उंचीवर हवा विरळ, म्हणून दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. गुलमर्ग २,६५० मीटरवर, म्हणजे साडेआठ हजार फुटांच्या वर. पाव ताकद तिथेच गेली. गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या अंगावर पोचलात, की आणखी बरीच जाते. यावर तोड म्हणून स्की-डूने २०२० च्या मॉडेलात टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो बसवला आणि आठ हजार फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम राहतील असं सांगितलं. दोन वर्षांनी पोलारिस या दुसऱ्या कंपनीनेही टर्बो आणला. गिअर नाहीत, ॲक्टिव्हात असतो तोच प्रकार, पुढे पुली, मागे पुली, मध्ये बेल्ट. ॲक्टिव्हात रोलर बाहेर सरकतात, यात वजनाची पाती फिरून पुली आवळतात. उंची बदलली की ती वजनं बदलावी लागतात. भाचा म्हणतो, गिऱ्हाईक एक्झॉस्ट बदलायला हौसेने पैसे टाकतं आणि क्लचच्या सेटिंगला नाक मुरडतं. हे ऐकून मला पांडेसऱ्यातच बसल्यासारखं वाटलं.

आता खरी गोष्ट. एवढी ताकद असूनही मशीन बर्फावर तरतं ते पट्ट्यामुळे. १६५ इंची पट्टा म्हणजे चार मीटरहून लांब, सोळा इंच रुंद, आणि त्यावर तीन-तीन इंच उंच रबरी वल्ही. वजन एवढ्या जागेवर पसरतं, की माणूस पायी कमरेपर्यंत रुतेल तिथे मशीन वरून जातं. पण थांबलेल्या मशीनला एकदम पूर्ण रेस दिली की तापीच्या वाळूत रुतलेल्या गाडीच्या बैलांना चाबूक मारावा तसं होतं: पट्टा स्वतःखाली खड्डा खणतो, शेपूट बसतं, नाक वर जातं. मग दोनशे किलोचं धूड फावड्याने उकरून काढा. म्हणून जाणते लोक थांबतानाच नाक उताराकडे करून थांबतात, निघायच्या आधी पुढचा बर्फ पायांनी तुडवतात आणि रेस हळूहळू देत मशीन वर आणतात. वर आलं की मात्र वेग तुटू द्यायचा नाही.

लांब पट्टा चांगला तरतो, पण वळायला नाखूश असतो. १७५ इंची सरळ चढाला बरा, १५४ इंची झाडांतून खेळवायला बरा. म्हणून कंपन्यांची सगळी धडपड मशीन आडवं कलावं यासाठी चालते. स्की-डूने मागच्या सस्पेन्शनला सांधा देऊन ते बाजूला लवेल असं केलं. आर्क्टिक कॅटने २०१९ च्या एका मॉडेलात पट्ट्याखालच्या दोन रुळांऐवजी एकच ठेवला. वाटेवरच्या मशीनच्या पुढच्या दोन स्कींमधलं अंतर बेचाळीस इंचांच्या आसपास असतं, डोंगरी मशीनचं छत्तीसच्या. म्हणजे ते मुद्दाम डगमगतं ठेवलेलं असतं. खोल बर्फात हँडल वळवून ते वळत नाही. डावीकडे जायचं तर हँडल क्षणभर उजवीकडे द्यायचं, अंगाचा भार डाव्या पायपट्टीवर टाकायचा, मशीन डाव्या कडेवर उभं करायचं आणि रेसने तोलून धरायचं. तीव्र उताराला आडवं जाताना तर उजवा पाय डाव्या पायपट्टीवर येतो आणि डावा बाहेर लोंबतो. पोरांना व्हिडिओत स्टंट दिसतो तो हाच. चालवणारा उभाच असतो, बसायला त्याला फुरसत नसते. रेस किंचित सुटली तर मशीन रुततं, किंचित जास्त झाली तर हातातून निसटून वर पळतं किंवा अंगावर येतं.

आता यावर सुरतचा एक शेठ आणि त्याच्या मागे ड्रायव्हर बसवा. दोघांचं मिळून दीडशे किलो वजन पट्ट्याच्या मागच्या भागावर आलं, शेपूट तिथेच बसलं. शेठ घाबरून सीट आवळून धरणार, म्हणजे अंग टाकायचा प्रश्नच मिटला. आणि याच मशीनने दाबलेल्या वाटेवर फेऱ्या मारतो म्हणाल, तर तेही जमत नाही. त्याला रेडिएटरचा पंखा नसतो. पट्ट्याने उडवलेला मोकळा बर्फ पट्टा ज्या बोगद्यात फिरतो त्याच्या छतावर आपटतो, त्यानेच इंजिनाचं पाणी थंड होतं. रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही बर्फाचंच वंगण. टणक वाटेवर इंजिन तापणार, पट्ट्या वितळणार. वाट खरवडून थोडा बर्फ उडवणारे आकडे बसवतात, पण तो तेवढ्यापुरता इलाज.

वरच्या उतारांची गोष्ट तर वेगळीच. मशीन चढू शकतं म्हणून चढावं असे ते उतार नव्हेत. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले. ती तर बर्फाचं शिक्षण घेणारी माणसं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटला दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. कॅनडात रेव्हलस्टोकच्या डोंगरात जाणारा पोरगाही पाठीवर एअरबॅग, छातीवर सिग्नलचं यंत्र, पिशवीत फावडं आणि बर्फात खुपसायची काठी घेऊन जातो, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनीच उकरलं तर आशा असते. आपल्याकडचा माणूस भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून जातो.

पर्यटकाला हवी असते दहा मिनिटांची मजा आणि फोटो. हे काम विजेवर उत्तम होतं. स्की-डूचीच मालक कंपनी बीआरपीने २०२३ च्या सुमारास सहल चालवणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिक स्नोमोबाईल काढलं, एका चार्जिंगला पन्नासेक किलोमीटर. खोल बर्फात बॅटरीचं वजन आडवं येईल, आणि थंडीत चार्जिंग आणखी उतरेल. पण तुडवलेल्या वाटेवर ठरलेल्या फेऱ्या मारायला काय अडचण आहे? आमच्या सुरतेत इलेक्ट्रिक बसगाड्या दिवसभर धावतात. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये २००४ पासूनच कमी धूर-आवाजाच्या मशीनशिवाय शिरता येत नाही. हिमाचलात २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांगच्या बाजूच्या स्नो स्कूटरवर बडगा उचलला, तेव्हा बर्फावर जगणाऱ्यांचा रोजगार एका फटक्यात थांबला. काश्मीरने ती वेळ येण्याची वाट का बघायची? नवं मशीन महाग आहे, गरीब ड्रायव्हरला परवडणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून सबसिडी द्यायची तर इथे द्या. ई-रिक्षाला देता येते, तर याला का नाही?

आणि टू-स्ट्रोकवालं डोंगरी मशीन ठेवा, पण बचाव पथकाकडे. हे वाहन जन्मलंच त्या गरजेतून. क्युबेकच्या व्हालकूर गावचा मेकॅनिक जोझेफ-आर्मां बोंबार्डिए याचं दोन वर्षांचं पोर १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्याने दवाखान्यापर्यंत पोचलं नाही, आणि गेलं. त्यानंतर त्याने बर्फावर चालणाऱ्या गाडीचा पिच्छा सोडला नाही. १९५९ ला त्याचंच छोटं स्की-डू बाजारात आलं. मेकॅनिक होता, इंजिनिअर नाही, हे मी गॅरेजात मुद्दाम दोनदा सांगतो. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि माउंटनियरिंगची संस्था आहे, पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट आहे. तिथे मशीन चालवणं, हिमस्खलन ओळखणं आणि बेल्ट-क्लच उघडणं असा तिन्हीचा मिळून कोर्स काढला, तर काश्मिरी पोरांना फेरीमागच्या पैशांपेक्षा पक्का धंदा मिळेल. दुरुस्तीचा भाग शिकवायला माझा भाचा सुट्टी काढून येईल, मी त्याच्या वतीने शब्द देतो.

तोपर्यंत काश्मीरला निघालेल्यांना एवढंच सांगतो. सीसी विचारू नका, हेल्मेट आहे का ते विचारा. चालत्या मशीनवरून पाय बाहेर काढू नका, पट्टा कपडे ओढून घेतो. आणि वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "साहब, थोडा और दे दो, ऊपर ताज़ा बर्फ में ले चलता हूँ," तर जागेवरच उतरा.