झोळीचा दोर तुटत नाही, गाठ सुटते



दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडच्या आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरीकडे कारखाने वाढत गेले आणि उसाबरोबर हे येणेजाणेही वाढले. फडाच्या बांधावर बाभळीला किंवा तिकाटण्याला टांगलेली झोळी, आत सहा-आठ महिन्यांचे लेकरू आणि शंभर पावलांवर कोयता चालवणारी आई, हे चित्र आपल्या जिल्ह्यात कोणाला नवे नाही. टोळीचेच कशाला, खुरपणीला आणि कांदा लागवडीला जाणाऱ्या आपल्या घरच्या लेकी-सुना तरी दुसरे काय करतात?

आज बोलायचे आहे ते त्या झोळीच्या दोराविषयी.

पूर्वी बांधाला अंबाडी असे, ओढ्याकाठी घायपात असे. त्याचे वाख काढून दोर वळले जात. मोटेच्या नाड्यापासून वासराच्या दाव्यापर्यंत सगळे त्याचेच. त्या दोराचे अंग खरखरीत. गाठ मारली की ती स्वतःलाच धरून बसे, पाण्याने भिजली तर आणखी आवळे. आता बाजारात निळा, पिवळा, हिरवा गुळगुळीत दोर मिळतो. आपण त्या सगळ्याला 'नायलॉन' म्हणतो, पण त्यातला बराचसा नायलॉन नसून पॉलिप्रॉपिलीन असतो. ओळखायचे सोपे आहे. वीतभर तुकडा बादलीत बुडवून, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत दाबून सोडावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा तसलाच प्लॅस्टिकचा, बुडाला तर बहुधा नायलॉन. नायलॉन चिवट खरा, पण ओझ्याने ताणतो, त्यामुळे झोळी हळूहळू खाली येते. पॉलिप्रॉपिलीन कमी ताणतो, मात्र उन्हाने लवकर खराब होतो आणि गाठीला फार निसरडा.

चांगल्या प्रतीचा १० मिलिमीटर जाडीचा दोर तुटायला टनाहून अधिक ओढ लागते. लेकराचे वजन आठ-दहा किलो. म्हणजे दोर तुटून झोळी पडण्याचा संभव फार थोडा. झोळी पडते ती गाठ सुटून. झोका मागे-पुढे होताना गाठीवर ओढ येते आणि जाते, प्रत्येक वेळी गुळगुळीत दोर केसभर सरकतो. सकाळी चार बोटे उरलेले शेपूट दुपारी एका बोटाचे होते. गेल्या हंगामात एका फडावर मी हे डोळ्यांनी पाहिले. त्या बाईने निरगाठच मारली होती, सुरगाठ नव्हे, आणि तीही जोर लावून. शेपटाचे टोक गाठीत शिरायच्या बेतात होते. तिची सासू म्हणाली, "आता जाड दोर आणते." जाड दोराने काही साधत नाही. जाड दोराची गाठ तर नीट आवळतही नाही.

यावर उपाय जुना आहे. जहाजावरचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. गाठ न मारता दोराचेच पेड दोरात गुंफायचे आणि टोकाला कायमचा डोळा करायचा. गाठीत दोर एकदम वाकतो, बाहेरच्या धाग्यांवर सगळा भार येतो आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. गुंफलेल्या डोळ्यात बहुतेक ताकद टिकते. शिवाय ओढ जितकी वाढेल तितके पेड एकमेकांना घट्ट धरतात.

दोर तीनपेडी घ्यावा. वेणीसारखा गोल विणलेला दोर या कामाचा नाही. टोकापासून दीड वीत सोडून तिथे सुतळीने घट्ट आवळावे, म्हणजे पीळ त्यापुढे उकलणार नाही. मग तिन्ही पेड सुटे करावेत आणि प्रत्येकाचे टोक दिव्यावर किंचित वितळवून घ्यावे. वितळलेले टोक बोटांनी चिमटू नये. ते कातडीला चिकटते आणि खोल भाजते. ओल्या फडक्याने दाबावे.

आता दोर वाकवून हवा तेवढा डोळा करावा. डोळा आपल्याकडे आणि लांब दोर समोर, असे धरून बसावे. सुटे पेड लांब दोरावर ठेवावेत, एक मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे. लांब दोराला उलटा पीळ दिला की त्याचे पेड फाकतात. त्यासाठी बांबूची टोकदार, गुळगुळीत घासलेली खुंटी वापरावी. दाभण नको, ते धाग्यांतून आरपार जाते. मधला पेड लांब दोराच्या एका पेडाखालून उजवीकडून डावीकडे ओवावा. मग डावीकडचा घ्यावा. तो त्याच पेडावरून नेऊन पुढच्या पेडाखालून काढावा. आता दोर उलटा करावा. एक पेड मोकळा दिसेल, त्याखालून तिसरा सुटा पेड ओवायचा, आणि तोही उजवीकडून डावीकडेच. दोर उलटा केल्यावर हात आपोआप उलट दिशेने जातो. शिकवताना दहापैकी सातजण इथेच अडतात. तिन्ही पेड एकाच पातळीवर, तीन वेगवेगळ्या फटींतून बाहेर आले म्हणजे बरोबर जमले.

त्यापुढचे काम वेणी घालण्याइतके सोपे. प्रत्येक पेड एकावरून, एकाखालून, आणि दर फेरीला सारखा आवळून. अंबाडीच्या दोराला तीन फेऱ्या पुरत. या निसरड्या दोराला पाच फेऱ्या कराव्यातच, कंटाळा करू नये. उरलेली टोके बोटभर ठेवून कापावीत आणि हलकेच वितळवावीत. पहिल्या डोळ्याला अर्धा तास लागेल, चौथ्याला दहा मिनिटे. ज्या बायकांना गोधडी आणि वेणी येते त्यांचा हात पुरुषांपेक्षा लवकर बसतो, असा माझा अनुभव आहे.

असे दोन दोर करावेत, दोन्ही टोकांना डोळे असलेले. दोर फांदीवरून टाकून त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या डोळ्यातून ओवले की फांदीला पक्की मिठी बसते, गाठ लागत नाही. फांदीवर आधी गोणपाट गुंडाळावे. लोखंडी कडीला अडकवायचे असेल तर डोळ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधावा. खालच्या दोन डोळ्यांतून सुती लुगडे दुहेरी ओवावे आणि त्याची टोके एकमेकांना बांधावीत. सुती कापडाची गाठ कापडाला धरते, नव्या पॉलिस्टर साडीची धरत नाही. झोळीच्या दोन्ही तोंडांशी आडवी काठी बांधावी, म्हणजे कापड मिटून लेकराच्या तोंडावर किंवा गळ्यावर येत नाही. मोठी भावंडे झोळीला पीळ देऊन गरगर फिरवतात, तो खेळ बंद करावा. त्यात गळा आवळून मुले दगावली आहेत. लेकरू बसायला लागले की झोळी गुडघ्याइतक्या उंचीवर आणावी, खालचे दगड आणि उसाचे खुंट काढावेत. आणि कोणी लक्ष ठेवायला असल्याशिवाय ते झोळीत सोडून फडात जाऊ नये.

लेकराला घालण्याआधी झोळीत युरियाची गोणी घालावी. आता ती ४५ किलोची येते, परीक्षेला पुरेशी आहे. गुंफण जिथे संपते तिथे शाईने खूण करावी, चार झोके द्यावेत आणि गोणी रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी खूण हललेली दिसली तर फेऱ्या सैल आहेत, उकलून पुन्हा घालाव्यात.

दुपारी लिंबाखाली दोन झाडांना झोळणा बांधून पडणाऱ्या गड्यांसाठीही एक गोष्ट. दोर ताठ ओढून बांधला तर पक्का, असे वाटते, पण हिशेब उलटा आहे. साठ किलोचा माणूस बसल्यावर दोराचा आडव्याशी कोन ३० अंश असेल तर प्रत्येक दोरावर साठ किलोची ओढ येते. तोच कोन १० अंशांचा झाला की ओढ जवळजवळ पावणेदोनशे किलो होते. चांगली झोळ ठेवूनच बांधावे.

हा दोर चुलीपासून लांब ठेवावा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळते, आणि कोपीत चूल आणि झोळी यांच्यात दोन हातही अंतर नसते. उन्हात राहिलेला दोर चोळून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली, धागे तुटू लागले, तर तो दोर झोळीला वापरू नये. एरवीही दर हंगामाला झोळीचा दोर नवा घ्यावा. जुना टाकताना त्याचे डोळे कापून टाकावेत, नाहीतर तोच दोर बांधावरून उचलून कोणीतरी पुन्हा झोळीला लावतो.