बी काढलेले द्राक्ष आणि द्राक्षाचे बी

मागच्या महिन्यात झाशीत होतो. ओरछा गेटजवळच्या एका पंसाऱ्याकडे मनुका घेतल्या. ओरछा गेट म्हटले की मराठी माणसाला एप्रिल १८५८मधला झाशीचा पाडाव आठवतो, गोडसे भटजी आठवतात. मला त्या दिवशी फक्त घरच्या खोकल्याच्या काढ्याची काळजी होती. पंसाऱ्याने टपोऱ्या, काळपट मुनक्का तोलल्या आणि न विचारताच बजावले, बी काढा, मग उकळा. तिथून थोड्याच अंतरावर औषधाच्या दुकानात काचेमागे द्राक्षबीज-अर्काच्या कॅप्सूलची बाटली होती. तिच्यावर द्राक्षाच्या घोसाचे चित्र आणि आयुर्वेदाच्या प्राचीन वारशाची एक ओळ. एकाच रस्त्यावर एक जण बी फेकायला सांगतो आणि दुसरा तेच बी वारसा म्हणून विकतो.

पंसाऱ्याची बाजू आपल्या ग्रंथांना जवळची आहे. चरकाने द्राक्षा विरेचनोपग, कंठ्य, कासहर, ज्वरहर आणि श्रमहर गणांत घातली. हे सारे गुण गराचे, रसाचे. बियांसाठी वेगळा शब्द नाही. भावप्रकाशात तर बी नसलेली बारीक द्राक्षे गुणांनी बी असलेल्या गोस्तनी द्राक्षासारखीच असल्याचे सांगितले आहे. म्हणजे बी गेल्याने काही उणे होते असे भावमिश्रांना वाटले नव्हते. कारणही उघड आहे. बी तुरट, टॅनिनने भरलेले. ज्याला मनुका कोठा साफ करण्यासाठी द्यायच्या, त्याला तुरट बी कशाला चारायचे? आपल्या बाजारातल्या ‘बेदाणा’ या फारसी वळणाच्या शब्दाचा अर्थच मुळी बिनदाण्याचा. तासगावच्या आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेले आणि तासगाव व आर्वे ही दोन्ही नावे मिरवणारे ‘तास-ए-गणेश’ही बिनबियांचेच. महाराष्ट्राने बी नसलेल्या द्राक्षावर बागा उभ्या केल्या. त्यामुळे अर्काचे बी खाण्याच्या द्राक्षांतून येत नाही. ते येते वाइनसाठी पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यातून.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: हा अर्क द्यायचा असेल तर द्या, पण द्राक्षासवाच्या नावावर देऊ नका. तो बोर्दोच्या प्रयोगशाळेतला, जेमतेम पाऊणशे वर्षांचा पदार्थ आहे. तिथल्या जाक मास्केलिए यांनी १९४०च्या दशकात या अर्कातला मुख्य घटक, प्रोअँथोसायनिडिन, वेगळा केला तो शेंगदाण्याच्या लाल सालीतून. पुढे पाइनच्या सालीतून, आणि द्राक्षाच्या बीपर्यंत मास्केलिए नंतर आले. हा अर्क तपासायचा तर आधुनिक मापानेच तपासायला हवे, आणि त्या मापात तो कुठे उतरतो हे रुग्णाला सांगता आले पाहिजे.

रक्तदाबाचे पाहू. २०११ साली नऊ चाचण्यांतील ३९० जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी दीड मिलिमीटरने आणि नाडी मिनिटाला दीडेक ठोक्याने उतरली. खालच्या दाबावर आणि चरबीवर परिणाम दिसला नाही. २०१६ च्या दुसऱ्या आढाव्यात, १६ चाचण्या आणि ८१० जण मिळून, उतार सहा मिलिमीटरपर्यंत गेला. या दोन आकड्यांतील अंतरच सांगते की पाया अजून पक्का नाही. दीड आणि सहा यांमध्ये कुठेतरी खरे उत्तर असेल. पण दाब १६० च्या वर असलेल्या रुग्णाचे चालू औषध थांबवून कॅप्सूल द्यावी, असे त्यातून मुळीच निघत नाही. स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर त्वचेखाली कडकपणा येतो, त्यावर इंग्लंडमध्ये ६६ स्त्रियांना दिवसाला ३०० मिलिग्रॅम अर्क सहा महिने देऊन पाहिला. हाती काही लागले नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये २००५ साली उच्च रक्तदाबावर औषधे घेणाऱ्या ६९ जणांपैकी एका गटाला द्राक्षबीजाचे पॉलिफेनॉल आणि क जीवनसत्त्व एकत्र दिले. सहा आठवड्यांत दाब उतरण्याऐवजी चढला: वरचा सुमारे पाच मिलिमीटरने. आणि आपल्याकडे काय होते? अर्क आणि क जीवनसत्त्व एकाच गोळीत घालून ‘हृदयासाठी’ विकतात. घटक वाचल्याशिवाय ती गोळी रक्तदाबाच्या रुग्णाला सुचवणारा वैद्य मला समजत नाही. लेबलावरचा रंगीत घोस बाजूला सारून बारीक अक्षरे वाचायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट लोहाची. टॅनिन लोह बांधून ठेवते. चहा आणि लोहाच्या गोळीचे वाकडे आपण रोज सांगतो. मग नवायस किंवा पुनर्नवा मंडूर यांसारखे लोहाचे औषध चालू असलेल्या पांडुरोगी बाईला सोबत हा अर्क कसा चालेल? किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, शक्यतो टाळाच. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही तो सहज म्हणून देऊ नये, आणि शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस बंद करायला सांगावे. तेल आणि अर्क यांतही घोळ होतो. द्राक्षबीज-तेलात मुख्यतः लिनोलिक आम्ल असते, प्रोअँथोसायनिडिन जवळजवळ नसतेच. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क तर तिसराच माल.

भेसळीचे कोडे मात्र गमतीचे आहे. मास्केलिए ज्या शेंगदाण्याच्या सालीपासून निघाले, तीच साल आता द्राक्षबीजाच्या नावाने बाटलीत शिरली आहे. परदेशी तपासणीत बाजारातील अनेक नमुन्यांत ती सापडली. ‘९५ टक्के प्रोअँथोसायनिडिन’ हा आकडा बहुधा रंग मोजून काढलेला असतो आणि रंगाला द्राक्ष कोणते, शेंगदाणा कोणता, हे कळत नाही. रेणूंच्या बांधणीत मात्र फरक आहे: द्राक्षाच्या बीत बी-प्रकारचे जोड, शेंगदाण्याच्या सालीत ए-प्रकारचे. क्रोमॅटोग्राफीने तो पकडता येतो. तेव्हा विक्रेत्याकडे रंगमापनाचा नव्हे, क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागा. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे कमी दिसते; म्हणून ती नाहीच असे नव्हे.

मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे रंगीत, औषधी गुणांसाठीच रस काढायचे वाण तयार केले आहे. नाशिकच्या वायनरींचा चोथाही हाताशी आहे. कुणी त्यातून तपासलेला, प्रत्येक खेपेला एकसारखा उतरणारा अर्क काढला, तर मी पहिला गिऱ्हाईक. तोवर कुणी हा अर्क देत असेल तर कृपया नोंद ठेवा: बाटलीवरील नाव व तुकडी क्रमांक, मात्रा, चालू औषधे, पहिल्या दिवसाचा दाब आणि आठ आठवड्यांनंतरचा, दोन्ही एकाच यंत्राने, बसलेल्या स्थितीत. दाब वाढलेल्या रुग्णांच्या नोंदीही पाठवा. त्यांच्यासाठी पुढील अंकात चार पाने राखून ठेवली आहेत.