ताईची भाषा आम्ही शिकलो नाही

ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्या दहाजणांपैकी आठजणांनी तरी तेच वाक्य उच्चारले, ‘‘सुटली हो बिचारी!’’ कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. आईला धीर द्यावा, एवढाच हेतू. मीही मान डोलावली. पण ताई नेमकी कशातून सुटली, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. ती जन्मापासून बहिरी होती. ऐकू येणे म्हणजे काय हेच जिला ठाऊक नव्हते, तिला त्याची उणीव ती किती वाटणार? तिची अडचण वेगळीच होती, आणि तिचे कारण आम्ही घरचेच होतो.

वडील पाटबंधारे खात्यात फिटर. सत्तरच्या दशकात भातसा धरणाचे काम चालू असताना आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायला आलो. शहापूर तालुक्यातल्या त्या रानात दिवसभर डंपरची घरघर आणि मधूनच सुरुंगांचे धडाके. आम्ही भावंडे कानांत बोटे घालत असू. ताईला सुरुंग पायांच्या तळव्यांना कळे. ती हसून दोन्ही मुठी उघडून दाखवायची, की उडाला! पुढे धरण भरू लागले आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की खिडकीच्या गजांवर तळहात ठेवून ती किती वेळ उभी राहायची.

घरात हातवारे होते. पाना फिरवल्यासारखे केले की वडील, डोक्यावरून पदर म्हणजे आई. कपाळावर आडवे बोट म्हणजे मी, कारण लहानपणी पडल्याची खोक माझ्या कपाळावर आहे. अशा पन्नाससाठ खुणा असतील. ‘‘आमच्या ताईला सगळं कळतं,’’ असे आई कौतुकाने सांगे. कळत होते ते जेव, चल, पाणी आण, पाहुणे आले, एवढेच. ‘का’ला आमच्याकडे खूण नव्हती. ‘पुढच्या वर्षी’ला नव्हती. गावाकडे आजी गेली, तेव्हा बारा वर्षांच्या ताईला आम्ही शेजारी ठेवून गेलो. परत आल्यावर आईने आभाळाकडे बोट दाखवले. ताईने वर पाहिले. पुढच्या दिवाळीत गावच्या घरी गेल्यावर तिने आजीचा पानाचा डबा चिंचेने लखलखीत घासला आणि ओटीवर आजीच्या जागेवर नेऊन ठेवला.

मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा 1885 च्या सुमारासच निघाली होती. वडिलांच्या कानावर ते आलेही होते. पण मुलीच्या जातीला तिकडे एकटीला ठेवायचे कसे? भातशाचे पाणी नदीतून पिशाला जाते, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना येते. तेवढ्या वाटेने आमच्या ताईला काही जाता आले नाही. गेली असती तरी तिला काय मिळाले असते, याची मला खात्री नाही. त्या काळी अशा शाळांचा भर ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर असे. हातांनी बोलणे बहुधा मागासपणाचे मानत. पण निदान तिच्यासारख्या दहाजणी तिला भेटल्या असत्या. चार बहिरी मुले एकत्र आली की मास्तरांच्या नकळत आपसात भाषा तयार करतातच.

आमच्यापेक्षा तिच्याशी चांगले बोलायची ती पाड्यावरून शेवळं विकायला येणारी ठाकरीण. पावसाच्या तोंडावर ती यायची आणि पायरीवर दोघींची तासभर बैठक जमे. शेवळांची खाज मारायला काकडं किती घालायची, कोणत्या रानातली शेवळं कोवळी, सासू कशी भांडते, सारे हातांनी आणि चेहऱ्याने. आम्हाला त्यातले निम्मे कळत नसे. त्या बाईला ताईची गरज होती, गिऱ्हाईक म्हणून आणि बहुधा मैत्रीण म्हणूनही. आम्ही मात्र ताईच्या मनातले ओळखत असू. आता वाटते, ओळखण्याची सवय झाली की विचारण्याची जात असावी.

शेवटच्या दुखण्यात मीच तिला दवाखान्यात नेले. ‘‘किती दिवस दुखतंय?’’ डॉक्टरांनी मला विचारले. मी म्हणालो, ‘‘दोन दिवस.’’ ताई माझी बाही ओढत होती. मला वाटले, घाबरली आहे. मी तिचा हात थोपटला. घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक चौकोन मोजत बोट मागे नेले. बारा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, नीट सांगितले. त्याने फार काही बदलले असते असे नाही, असे डॉक्टर नंतर म्हणाले. ते मला बरे वाटावे म्हणून म्हणाले की काय, कोण जाणे.

1991 च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. 2001 मध्ये तो पुन्हा आला आणि आमच्या घरातून एक आकडा वाढला. 2011 च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे पन्नास लाखांवर नोंदले गेले. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र निघाले, 2018 मध्ये तिचा तीन हजार शब्दांचा कोश आला आणि 2021 पर्यंत तो दहा हजारांवर गेला. हे सारे ताईच्या बालपणी नव्हते, म्हणून वडिलांना मी दोष देत नाही. आज मात्र ते खिशातल्या मोबाइलवर पाहता येते. तरीही बहिऱ्या मुलाच्या घरी गेलो की चर्चा ऐकायला मिळते ती दाखल्याची, सवलतीच्या पासाची, मशिनच्या किमतीची. त्या गोष्टी हव्यातच. पण मुलाची भाषा घरातल्या आईबापांनी, आजीआजोबांनी, भावंडांनी बसून शिकायची असते, हे सहसा कोणी बोलत नाही. प्रेम आहे ना, मग कळतेच, अशी आपली समजूत.

मागच्या पावसाळ्याआधी भातसानगरला जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो होतो. त्यांची पाच वर्षांची नात ताईसारखीच. मी सुनेला त्या कोशाबद्दल सांगितले. ती हसून म्हणाली, ‘‘आमचं भागतं की हातवाऱ्यांवर. तिला सगळं कळतं.’’ तेवढ्यात पोरीने जवळ येऊन माझ्या कपाळावरच्या खोकेला बोट लावले आणि आईकडे वळून हात उलटे करून भुवया उंचावल्या. ‘‘आजोबा आहेत ते, आजोबा,’’ आई म्हणाली. पोरीने मान हलवली, पुन्हा खोकेवर बोट ठेवले आणि आता माझ्याकडे पाहत उभी राहिली.