रोगाचें कुळ विचारा

घरांतील वडील माणसास फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचें कळलें म्हणजे सारें घर हादरून जातें. कोणी पैशाची तजवीज करूं लागतो, कोणी रोग्यापासून बातमी लपविण्याच्या खटपटीस लागतो. परंतु ‘कर्करोग कोणत्या जातीचा?’ हा मुख्य प्रश्न पुष्कळदां राहून जातो. तो कां विचारावा, हें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या रोगाचे प्रथम दोन वर्ग: लहान पेशींचा व इतर. इतरांत मुख्य जाती दोन. ग्रंथिपेशींसारख्या पेशींचा तो अडिनोकार्सिनोमा. चपट्या, खवल्यांसारख्या पेशींचा तो स्क्वेमस. दोहोंस पुष्कळ वर्षें एकच औषधोपचार होत असे. पुढें अनुभवानें डोळे उघडले. बेव्हासिझुमॅब या औषधानें स्क्वेमस जातीच्या रोग्यांस फुफ्फुसांतून प्राणघातक रक्तस्राव होण्याचा धोका विशेष, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत दिसलें. पेमेट्रेक्सेड अडिनोकार्सिनोमास मानवतें, स्क्वेमसला नाहीं, हें २००८ सालीं ठरलें. जात चुकली कीं औषधच घातक!

आतां, सुईनें काढलेला मांसाचा तुकडा इवलासा; त्यांतील पेशी इतक्या विस्कटलेल्या कीं सूक्ष्मदर्शकानेंही कुळ ओळखूं येऊं नये. येथें जनुकें साह्यास येतात. शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशीजवळ जनुकांचा तोच ग्रंथ असतो. मात्र जी ती पेशी आपापले अध्यायच वाचते. कर्करोगाची पेशी आपलें कर्तव्य विसरली, तरी वाचनाची जुनी संवय बहुधा सुटत नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं हजारों जनुकांचे संदेश एकदम मोजले, तेव्हां या जाती निरनिराळ्या गटांत पडल्या. इतकेंच नव्हे, तर अडिनोकार्सिनोमांतही पोटजाती आढळल्या.

नित्याच्या परीक्षेंत या जनुकांपासून बनणारीं प्रथिनें रंगवून पाहतात. टीटीएफ-१ व नॅप्सिन-ए दिसलीं तर अडिनोकार्सिनोमा. पी-४० दिसलें तर बहुधा स्क्वेमस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या वर्गीकरणानें या पद्धतीस मान्यता दिली. खूण एकटी निर्णायक नव्हे; टीटीएफ-१ लहान पेशींच्या कर्करोगांतही पुष्कळदां आढळतें. म्हणून सूक्ष्मदर्शक व खुणा यांचा मेळ तज्ज्ञानेंच घालावा.

आमच्या वाचकांस विनंती इतकीच: अहवालांत जातीचें नांव स्पष्ट आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांस आदरपूर्वक विचारा, आणि मेणांत बसविलेला तो तुकडा जपून ठेवावयास सांगा, कारण पुढील जनुकपरीक्षा त्यावरच व्हावयाच्या असतात. सोयरीक जुळवितांना सात पिढ्या चाळणाऱ्या आपण प्राणावर बेतलें असतां एवढी चौकशी करूं नये काय?