एक चौकार बसतो आणि लाखो लोकांची रँक बदलते, हा हिशोब ठेवतं कोण?

आयपीएलच्या मॅचमध्ये ओपनरने कव्हरमधून चौकार मारला. टीव्हीवर स्कोअरचा एक आकडा बदलला, विषय संपला. फॅन्टसी अ‍ॅपवर मात्र तिथून गोंधळ सुरू होतो. समजा एका स्पर्धेत १ कोटी टीम आहेत आणि निम्म्या लोकांनी हा ओपनर घेतलाय. म्हणजे एका फटक्यात ५० लाख टीमचे पॉइंट बदलले. ज्यांनी त्याला घेतलं नाही ते बसल्या जागी मागे पडले, त्यामुळे रँक बदलली जवळपास सगळ्यांचीच. आणि टी-२० मॅचमध्ये असे २४० चेंडू असतात, वाइड आणि नो-बॉल वेगळे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवले तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरूनही नाव गेलं. व्यसन, टॅक्स, नोकऱ्या यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. ज्या रँकवर लोकांचे पैसे ठरत होते ती रँक बरोबर आहे, हे खेळणाऱ्याला कळणार कसं? फुकटच्या स्पर्धा आजही आहेत, त्यामुळे प्रश्नही आहेच.

लिहायचंच नाही, ही खरी युक्ती

सगळ्यात साधा उपाय म्हणजे एक मोठा तक्ता. प्रत्येक टीमची एक ओळ, चौकार बसला की ५० लाख ओळींत नवा आकडा. हे चालत नाही. एखादी ओळ बदलत असताना डेटाबेस तिला कुलूप लावतो आणि बाकीच्यांना रांगेत उभं करतो. पहिल्या चौकाराचं काम संपेपर्यंत पुढचा बॉल पडलेला असतो. एका कॉम्प्युटरला हे झेपत नाही म्हणून टीम अनेक कॉम्प्युटरवर वाटून टाकतात. यालाच डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस म्हणतात. पण नुसतं वाटून रांग लहान होते, संपत नाही.

मग जरा उलटा विचार करा. खरं तर बदललं काय? एका खेळाडूचे पॉइंट. मैदानात खेळाडू २२ (इम्पॅक्ट प्लेअर धरून थोडे जास्त). म्हणजे बदलणारे आकडे पंचवीसच्या आसपास. तुमची टीम म्हणजे त्यातल्या ११ आकड्यांची बेरीज, कॅप्टनचे दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. मॅच सुरू झाल्यावर टीम बदलता येत नाही, म्हणून ती मेमरीत तशीच ठेवायची आणि बेरीज दर वेळी नव्याने करायची. १ कोटी टीम गुणिले ११, म्हणजे ११ कोटी छोटी गणितं. आजच्या कॉम्प्युटरला ही सेकंदभराची गोष्ट आहे, आणि काम दहा जणांत वाटलं तर त्याहून कमी.

रँकचं काय? १ कोटी टीम उतरत्या क्रमाने लावायची गरजच नाही. पॉइंट ढोबळमानाने ० ते १५०० मध्ये, अर्ध्याअर्ध्याच्या फरकाने. म्हणजे शक्य असलेले वेगवेगळे आकडे फार तर ३ हजार. प्रत्येक कॉम्प्युटरने इतकंच मोजायचं की ६४२ पॉइंटवर आपल्याकडे किती टीम, ६४२.५ वर किती. सगळ्यांचे हे तक्ते एकत्र मिळवले की तुमच्यापेक्षा जास्त पॉइंट किती जणांचे ते कळतं. त्यात १ मिळवा, ती तुमची रँक. तीही अंदाजाने नाही, अचूक.

तुलनेत नुसता स्कोअर दाखवणं सोपं. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कप फायनलच्या वेळी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते, पण त्या सगळ्यांना स्कोअर एकच दिसायचा होता. एकाच आकड्याच्या हजारो प्रती करून वाटता येतात. रँक प्रत्येकाची वेगळी. (ग्रुपवर 'गेला' असा मेसेज येतो आणि तुमच्या मोबाइलवर बॉलर अजून रनअपवर असतो, तो दोष व्हिडिओच्या प्रवासाचा. डेटाबेसला उगाच शिव्या देऊ नका.)

चौकाराचे आठ कसे होतात

मैदानावरून निघालेला 'चार रन' हा मेसेज नेटवर्कमध्ये अडकला, पोचपावती आली नाही, म्हणून पुन्हा पाठवला. आता दोन्ही पोचले. डेटाबेसला '४ मिळव' एवढंच सांगितलं असेल तर झाले आठ. म्हणून प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो सोडून द्यायचा. '१४.३ ओव्हर' हा क्रमांक म्हणून पुरत नाही, कारण वाइड पडला की तोच बॉल पुन्हा टाकतात.

शिवाय क्रिकेटमध्ये झालेलं बदलतं. बॅटला लागून रन वाटला तो नंतर लेगबाय ठरतो. अंपायर आउट देतो आणि डीआरएसमध्ये निर्णय फिरतो. अशा वेळी जुनी नोंद खोडायची नसते. दुकानाच्या वहीत करतात तशी उलट नोंद टाकायची आणि बेरीज पुन्हा करायची. मग तुमचे २५ पॉइंट अचानक का गेले, हे नंतरही दाखवता येतं.

दोन स्कोअरर, दोन वह्या

क्रिकेटच्या नियमांत हे सगळं आधीपासून आहे. तिसरा नियम सांगतो की स्कोअरर दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार ताडून पाहाव्यात आणि अंपायरच्या प्रत्येक खुणेची पोच द्यावी. दोन प्रती, पोचपावती, एकमत. डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस याहून फार वेगळं काही करत नाही.

वह्या ताडून पाहता आल्या नाहीत तर? समजा डेटाच्या दोन प्रती मुंबई आणि हैदराबादच्या सर्व्हरवर आहेत आणि मधली लाइन तुटली. आता एक तर थांबा, नाही तर कदाचित जुना असलेला आकडा दाखवा. तिसरा पर्याय नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हे मांडलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी गणिताने सिद्ध केलं.

कुठे थांबायचं आणि कुठे जुनं चालेल, याचं सगळ्यात छान उत्तर डग टेरी यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना बेसबॉलचं उदाहरण घेऊन दिलं. अंपायरला या क्षणाचा अचूक स्कोअर हवा. रेडिओवाल्याला थोडा जुना चालेल, पण आधी ५-२ आणि मग ३-२ असा उलटा जायला नको. मॅच संपल्यावर तासाभराने बातमी लिहिणाऱ्याला तासभर जुना आकडाही पुरतो. डेटाबेस एकच, गरजा वेगळ्या.

हाच नियम फॅन्टसीला लावला तर मॅच चालू असताना रँक दहा सेकंद शिळी असली तरी बिघडत नाही. निकाल लावताना मात्र थांबायलाच हवं. आणि आणखी एक वेळ आहे, ज्याकडे खेळणारे सोडून कुणाचं लक्ष जात नाही. ७ ला टॉस, अंतिम अकरा जाहीर, साडेसातला पहिला बॉल. या अर्ध्या तासात सगळे टीम बदलायला धावतात. ७:२९:५९ ला तुम्ही कॅप्टन बदलला. तो वेळेत धरायचा की नाही, हे कुठल्या सर्व्हरच्या घड्याळावर ठरतं? दोन कॉम्प्युटरची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, हा या क्षेत्रातला जुना त्रास आहे. त्यामुळे बदल नोंदला गेल्याची पोच आल्याशिवाय अ‍ॅपने 'सेव्ह झालं' म्हणायलाच नको.

कायद्यावर कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण अ‍ॅप फुकट असो की पैशाचं, रँकच्या शेजारी एक छोटी ओळ टाकणं अवघड नाही: 'ही रँक १६.४ ओव्हरपर्यंतची'. त्यासाठी लागणारा आकडा डेटाबेसमध्ये आधीपासूनच असतो.