परवाना गेला, जबाबदारी कोणाची?

सरोजिनी नगरसारख्या सरकारी वसाहतीत विमा एजंटाला ग्राहक शोधत फिरावे लागत नाही. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या पुनर्विकासाने जुन्या क्वार्टर्सचे रूप पालटले, तरी ठरलेला पगार आणि ओळखीचा शेजार कायम आहे. हाच शेजार एजंटाचे भांडवल असतो. त्यामुळे एजंटाला व्यवसायाची मुभा कोणी द्यावी, हा प्रश्न येथे घरापर्यंत येतो.

अमेरिकेत विम्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे असून एजंटाला त्या त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. भारतात विमा केंद्रीय सूचीत आहे. साताऱ्याहून दिल्लीत आलेल्या एजंटाला नव्या राज्याचा परवाना मागावा लागत नाही. १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन २४५ संस्थांचा व्यवसाय आयुर्विमा महामंडळाकडे आला, तोही याच केंद्रीय अधिकारातून.

खासगी कंपन्यांना दार उघडल्यानंतर, २००० च्या विनियमांनी एजंटासाठी शंभर तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि तीन वर्षांचा परवाना आवश्यक केला. परवान्याचा कागद कंपनीचा नियुक्त अधिकारीच देई. परंतु अधिकार विमा नियामक प्राधिकरणाचा असे. २०१५ च्या दुरुस्तीने हा परवानाच संपवला. आता परीक्षा उत्तीर्ण उमेदवाराची नेमणूक कंपनी करते. २०१६ च्या विनियमांनुसार एका एजंटाला आयुर्विमा, सर्वसाधारण विमा आणि आरोग्यविमा यांतील प्रत्येकी एकाच कंपनीचे काम करता येते.

हा बदल निव्वळ सैलावणारा नाही. एजंटाच्या कृत्यांसाठी आणि कसुरीसाठी कंपनीलाच जबाबदार धरून एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद याच दुरुस्तीने केली. कमिशनमधील वाटा ग्राहकाला परत देण्याच्या जुन्या प्रथेवरील दंडही पाचशे रुपयांवरून दहा लाखांपर्यंत गेला. मात्र नेमणूक नाकारली गेल्यास अपील कंपनीच्याच अधिकाऱ्याकडे करावे लागते. ज्या कंपनीला अधिक विक्री हवी, तिनेच विक्रेत्याची पारख करावी आणि त्याच्यावर अंकुशही ठेवावा, ही या व्यवस्थेची खरी कमकुवत बाजू होय.

सरकारी घरांत प्रश्न आणखी नाजूक होतो. पत्नीने एजन्सी घेण्यास मनाई नाही. परंतु केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ नुसार ती गोष्ट सरकारला कळवावी लागते. आणि कर्मचाऱ्याने तिच्यासाठी प्रचार करणे हा नियमभंग ठरतो. साहेबांच्या घरून आलेल्या पॉलिसीला हाताखालचा कारकून ‘नाही’ कसे म्हणणार? ही भीड विमा कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिला आवर घालणारा नियम सेवाशर्तींतच सापडतो.

ग्राहकापुढे मार्ग आहे. तक्रार प्रथम कंपनीकडे आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे नेता येते. तेथे शुल्क नाही. पण विकणारी शेजारीणच असेल, तर तक्रार लिहिण्यास हात धजावत नाही. परवान्याचा कागद ही भीड मोडू शकत नव्हता, हे खरेच. तथापि त्या कागदावरचा अधिकार कंपनीबाहेरचा होता. तो काढून घेतल्यावर देखरेखीची कसोटी दंडाच्या आकड्यात नव्हे, तर तो प्रत्यक्ष आकारला जातो की नाही यात आहे.